गावातलं तापणं थांबलं, घाटातलं का थांबलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, वर बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. हायवेला कागलपर्यंत जाऊन आलं तरी तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. पण कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला पाच-सात मिनिटं अडकलं की काटा चढतो. मिस्त्रींनी रेडिएटरचा फॅन 'डायरेक्ट' करून, म्हणजे मूळ वायरिंग सोडून थेट बॅटरीवर घेऊन, डॅशबोर्डवर स्विच दिला आणि गावातलं तापणं बंद झालं. मग कोकणातून येताना करूळ घाटात काटा पुन्हा वर गेला, रिझर्व बाटलीतून पाणी उसळून बाहेर आलं. आता 'थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व) काढून टाका, कटकट मिटेल' असा सल्ला मिळालाय. काढावा का?

काढू नका. आणि ते डायरेक्ट केलेलं वायरिंगही तसंच ठेवू नका. तुमच्या गाडीत बहुधा दोन वेगवेगळे दोष आहेत. फॅन चालू होत नव्हता, हा पहिला. स्विच देऊन तो झाकला गेला, सापडला नाही. घाटात पाणी उकळतंय ते दुसऱ्याच कशामुळे तरी, आणि फॅनच्या गडबडीत त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

गाडी 'हीट घेते' म्हटल्यावर पाना हातात घेण्याआधी ती कधी हीट घेते हे विचारायचं. उभ्या गाडीत तापते आणि पळताना थंड होते, तर हवा कमी पडतेय. फॅन, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, सेन्सर, फॅनभोवतीचं श्राउड म्हणजे प्लास्टिकचं आवरण, यांत कुठेतरी शोधायचं. ताशी पन्नास-साठच्या पुढे समोरून येणारी हवा एवढी असते की फॅनची गरजच उरत नाही, म्हणून मेलेला फॅन हायवेवर कळत नाही. उलट, पळताना किंवा ओझ्याखाली तापते, तर पाणी कमी पडतंय, फिरत नाही, किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. घाट ही दोन्हींची परीक्षा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसने चढताना इंजिनावर ओझं पूर्ण आणि समोरची हवा नावाला. तिथे फॅनही पूर्ण वेगाने लागतो आणि रेडिएटरही मोकळा लागतो. सपाट रस्त्यावर साठ टक्के मोकळा रेडिएटर वर्षानुवर्षं निभावून नेतो, घाटात त्याचं पितळ उघडं पडतं.

फॅन: डायरेक्ट करण्याआधी काय पाहायला हवं होतं

आधी सर्वांत सोपी चाचणी. मूळ वायरिंग जोडून, इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पाण्याचं तापमान काहीही असो, फॅन लगेच किंवा काही सेकंदांत फिरायला लागतो. एसीवर फिरला पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर, तिचा रिले आणि अर्थिंग ठीक आहे. दोष तापमान कळवणाऱ्या बाजूला आहे. एसीवरही फिरत नसेल तर आधी मोटरकडे जा. दोन फॅनच्या गाडीत नेमका कोणता फिरतोय ते वाकून पाहा. एसीच्या कंडेन्सरचा (रेडिएटरपुढच्या जाळीचा) फिरतोय आणि रेडिएटरचा उभा आहे, हे वरवर पाहिलं तर निसटतं. एसीत गॅसच नसेल तर प्रेशर स्विच काही गाड्यांत फॅनही लावू देत नाही, हेही लक्षात असू द्या.

मोटर तपासायची तर किल्ली काढा आणि पाती हाताने फिरवा. सहज फिरली पाहिजे आणि आडवी डुलता कामा नये. घरघर लागत असेल तर बुश गेलंय. मग मोटरचा कनेक्टर सुटा करून बॅटरीपासून फ्यूज घातलेल्या दोन वायरींनी थेट पुरवठा द्या. लहान गाडीच्या फॅनला चालताना साधारण आठ ते पंधरा अँपिअर लागतात, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे बारीक वायर घेऊन चाचणी करू नका, हात भाजेल. थेट दिल्यावर फिरत नाही, पण मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलकं ठोकल्यावर फिरायला लागते, तर कार्बन ब्रश संपलेत. अशी मोटर आज चालेल, उद्या भर गर्दीत थांबेल.

थेट दिल्यावर झकास फिरत असेल तर फ्यूज आणि रिलेकडे या. फॅनचा फ्यूज बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या डब्यात असतो, २० ते ४० अँपिअरचा. नुसता डोळ्याने पाहू नका, टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकांना पुरवठा आहे का पाहा. तार शाबूत दिसते आणि पाय (पिन) काळा पडून संपर्क गेलेला असतो, असं होतं. फ्यूज जळालेला असेल आणि नवा घातल्यावर पुन्हा जळाला, तर मोठा फ्यूज घालू नका. बहुधा मोटर जाम होऊन जादा करंट ओढतेय, तिचा बंदोबस्त करा.

रिलेला चार पाय असतात. ३० वर बॅटरीचा पुरवठा येतो, ८७ मधून फॅनला जातो, ८५ आणि ८६ हे आतल्या कॉइलचे. रिले काढून सॉकेटात ३० आणि ८७ जाड वायरीच्या तुकड्याने जोडा. फॅन फिरला तर फ्यूज, वायर, मोटर, अर्थिंग सगळं एका झटक्यात पास. मग त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून पाहा. रिलेची कॉइल मीटरवर साधारण ७० ते १०० ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर रिले फेका. रिले टकटक वाजतो म्हणजे चांगला, हा गैरसमज आहे. कॉइल आवाज करते आणि आतले संपर्क जळून काळे झालेले असतात.

आता जिथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो ती जागा, मोटरचा प्लास्टिक कनेक्टर. तो काढून उजेडात धरा. पांढऱ्या किंवा करड्या प्लास्टिकवर एका पायाभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी कडा दिसेल, कधी प्लास्टिक थोडं खचलेलं, पितळी पाय निळसर झालेला. तो पाय सैल झालाय, तिथे उष्णता तयार होतेय आणि फॅनला जाणारे व्होल्ट तिथेच खर्च होतायत. फॅन चालू असताना मीटर बॅटरीवर आणि मग कनेक्टरच्या मागून दोन्ही वायरींवर लावा. बॅटरीवर १३.८ आणि मोटरवर ११.५ असेल तर फॅन फिरताना दिसेल, आवाजही येईल, पण पुरेशी हवा ओढणार नाही. दोन्ही बाजूंचा फरक वेगळा मोजा. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत आणि मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. मायनसकडे जास्त पडत असेल तर अर्थिंगचा बोल्ट काढून गंज खरवडा, दहा मिनिटांचं काम आहे.

हेच तुमच्या डायरेक्ट वायरिंगलाही लागू आहे. बॉनेटपासून डॅशबोर्डपर्यंत बारीक वायर, तिथला साधा स्विच, आणि परत बारीक वायर. तीन-चार मीटरच्या जाण्यायेण्यात एक-दीड व्होल्ट सहज जातो. सिग्नलवर उभ्या गाडीला तेवढी हवा पुरते, घाटात पुरत नाही. शिवाय दहा-बारा अँपिअर त्या स्विचमधून तासभर गेल्यावर स्विच वितळतो, आणि तो तुमच्या गुडघ्याजवळ असतो. आणीबाणी म्हणून स्विच ठेवायचाच असेल तर स्विचने फक्त रिलेची कॉइल चालवा. फॅनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, रिले ३०-४० अँपिअरचा, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीजवळच का? वायर पुढे कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागायच्या आत जळावा म्हणून.

मोटर बदलली असेल किंवा वायरी कापून जोडल्या असतील तर आणखी एक बघा. फॅन उलटा तर फिरत नाही ना? प्लस-मायनस अदलाबदल झाली की बहुतेक मोटरी उलट्या फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. गाडी पळताना ही हवा समोरच्या वाऱ्याशी भांडते. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून तुमच्याकडे आला तर वायरी बदला. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं श्राउड तुटून काढून टाकलं असेल तर तेही परत बसवा. श्राउड नसेल तर फॅन रेडिएटरच्या फक्त आपल्यापुरत्या वर्तुळातून हवा ओढतो, चारही कोपरे कोरडे राहतात.

दोन वेगांच्या फॅनमध्ये कमी वेग एका रेझिस्टरमधून येतो. तो जळाला की कमी वेग बंद, जास्त वेग चालू. फॅन फार उशिरा, एकदम विमानासारखा गरजत लागतो, ही त्याची खूण. काही नव्या गाड्यांत रिलेऐवजी कंट्रोल मॉड्यूल असतं. तिथे टेस्ट लॅम्प आणि जंपर वायरीचे प्रयोग नकोत, स्कॅनर लावा.

सेन्सरची बाजू. इंजिनाच्या पाण्याचा सेन्सर तापमान वाढेल तसा रेझिस्टन्स कमी करतो. पुष्कळ गाड्यांत तो २० अंशाला दोन ते पावणेतीन हजार ओहम, ८० अंशाला तीनशेच्या आसपास, आणि १०० अंशाला दोनशेच्या जवळ असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे वाचून साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास फॅन लावतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. चाचणी अशी, की इंजिन चालू असताना सेन्सरचा प्लग काढा. बहुतेक ईसीयू वाचन हरवल्यावर खबरदारी म्हणून फॅन लावून टाकतात. फॅन लागला तर ईसीयू आणि रिलेची बाजू चांगली आहे, सेन्सर किंवा त्याच्याभोवतीचं पाणी संशयित. चेक इंजिनचा दिवा लागेल, पी ०११८ कोड नोंदेल, तो नंतर पुसता येतो. जुन्या कार्बोरेटर गाड्यांत सेन्सरऐवजी थर्मोस्विच असतो. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की फॅन फिरला पाहिजे.

मीटरचा काटा म्हणजे थर्मामीटर नव्हे. बऱ्याच गाड्यांत साधारण ८० पासून शंभरच्या पुढेपर्यंत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) गाडीला लावून मोबाइलला जोडला की खरा आकडा दिसतो. तुमच्या प्रकरणात ही पहिली खरेदी करा, नवा रेडिएटर नंतर.

घाटात बाटलीतून पाणी का उसळलं

इथून दुसरा दोष. आणि इथे सर्वांत स्वस्त वस्तू आधी तपासायची, ती म्हणजे रेडिएटरचं झाकण.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. फॅनच लागतो ९५-१०० ला! मग इंजिनातलं पाणी उकळत कसं नाही? झाकणाने धरलेल्या दाबामुळे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा बार दाब ते धरून ठेवतं. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीही ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही, निम्मा कूलंट असेल तर आणखी काही अंश वर. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, स्प्रिंग मेली, की हा सगळा फरक जातो आणि इंजिन निरोगी असूनही पाणी उकळून बाटलीत जातं. झाकणाच्या मध्यभागी उलट दिशेचा छोटा वॉल्व असतो. गाडी थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. तो अडकला तर बाटली भरलेली, रेडिएटर अर्धा रिकामा आणि वरचा होज चिपकून बसलेला दिसतो. म्हणून फक्त बाटलीची पातळी पाहून 'पाणी भरपूर आहे' म्हणू नका. सकाळी थंड गाडीत झाकण उघडून रेडिएटर तोंडापर्यंत भरलाय का ते पाहा. झाकण बदलताना तोच आकडा घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुने होज आणि प्लास्टिकच्या टाक्या फुटतात.

झाकण ठीक असेल तर सीएनजीकडे बघा. किटचा रिड्यूसर गॅसचा दाब उतरवतो तेव्हा गारठतो, म्हणून त्याला इंजिनाचं गरम पाणी दिलेलं असतं. बाहेरून किट बसवताना हीटरच्या होजला टी-जोड मारून ही लाइन काढतात. त्या जोडांच्या क्लिपा थेंबथेंब पाणी सोडतात, गरम बॉनेटखाली ते सुकून जातं, जमिनीवर डाग पडत नाही. जोडाभोवती पांढरट किंवा हिरवट खार धरलाय का, बोट फिरवून पाहा. दुसरी गोष्ट, रिड्यूसर रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच बसवलेला असेल तर हवा तिथेच जाऊन बसते आणि साध्या भरण्याने निघत नाही. चालू गाडीत रिड्यूसर थंडगार किंवा वर दव धरलेलं असेल तर त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाहीये. पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे.

या अडकलेल्या हवेमुळे पहिला दोषही होऊ शकतो, म्हणून इथे थांबून वाचा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. त्याच्या टोकाभोवती हवेचा किंवा वाफेचा फुगा असेल तर तो कमी तापमान दाखवतो, ईसीयू फॅन लावत नाही, आणि हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) पाणी उकळत असतं. मोटर, रिले, सेन्सर सगळं मीटरवर चांगलं, तरी फॅन लागत नाही, अशा गाडीत आधी हवा काढा. फॅन डायरेक्ट केल्यावर हा प्रकार कायमचा लपतो.

हवा काढायची पद्धत. गाडी थंड, तोंड चढाकडे करून उभी. आतला हीटर पूर्ण गरमवर. झाकण उघडून कूलंट हळू ओता, मधूनमधून वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडून सलग धार येईपर्यंत थांबा. इंजिन चालू करून पातळी उतरेल तसं भरत जा, उसळायला लागायच्या आत झाकण लावा. फॅन दोनदा लागून बंद झाला पाहिजे. रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पुन्हा पातळी पाहा, पाव-अर्धा लिटर बसतंच. सीएनजी गाडीत रिड्यूसरचा वरचा होज किंचित सैल करून तिथूनही हवा सोडावी लागते, हे काम इंजिन थंड असतानाच.

रेडिएटर बाहेरून चोक झालाय का, हे आपल्या भागात विशेष बघावं लागतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चाललं की पाचटाचे तुकडे आणि धूळ जाळीत शिरते. समोरून दिसतो तो एसीचा कंडेन्सर, तो साफ असतो. कचरा बसतो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत. रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सैल करून तो मागे कलता करा आणि टॉर्च मारा. नमद्यासारखा थर निघतो. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पापुद्र्यासारख्या फिन वाकतात आणि होता तो रस्ताही बंद होतो. समोर लावलेलं गार्ड, जादाचे दिवे, डास अडवायला बांधलेली बारीक जाळी, तापणाऱ्या गाडीवरून हे सगळं उतरवा.

आतून चोक झालाय का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. इंजिन पूर्ण गरम, फॅन बंद असताना रेडिएटरच्या अंगावर आडवं-उभं तापमान घ्या. एका टोकाकडून दुसरीकडे ते हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांत हे हमखास. त्यातले क्षार गरम भिंतींवर दगडासारखे बसतात, चहाच्या किटलीत बसतात तसेच. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून, सळई मारून, परत डाग देता येतो. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, वर प्लास्टिकच्या टाक्या. त्यांना सळई मारायच्या भानगडीत पडू नका, बदला.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचा ओघळ दिसत असेल तर सील गेलंय. गंजलेल्या पंपाची आतली पाती झिजून पाणी ढकलत नाहीत, हे बाहेरून दिसत नाही. पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, त्याहून सैल असेल तर आवळा.

थर्मोस्टॅट का काढायचा नाही

थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो, दहा-बारा अंश पुढे पूर्ण उघडतो. अर्धवट अडकला तर घाटात पाणी पुरत नाही, म्हणून संशय घ्यायला जागा आहे. पण तो काढून टाकण्याऐवजी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्यावर छापलेल्या आकड्याच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे हलायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत आठेक मिलिमीटर उघडला, तर तो निर्दोष. फक्त हे विसरू नका, की आपलं पाणी ९८ लाच उकळतं, तेव्हा ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसणारच नाही. तेवढ्यावरून त्याला बाद करू नका.

काढून टाकला तर काय होतं? पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला मागच्या बाजूला दुसरी चकती असते. गरम झाल्यावर ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी जास्तच थंड आणि घाटात आधीपेक्षा जास्त गरम. एरवी थंड इंजिनामुळे ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये ओल धरते. तुमची गाडी तर पाणी ठरावीक तापल्याशिवाय सीएनजीवर जाणारच नाही, पावसाळ्यात अर्धं गाव पेट्रोलवर फिराल. पी ०१२८ कोड आला तर ईसीयू हीच तक्रार करतोय.

जुन्या मिस्त्रींचा हा सल्ला अगदीच कुठून तरी आलेला नाही. जुन्या साध्या इंजिनांत, स्वस्त थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकायचे, तेव्हा काढणं परवडायचं. तुमच्या इंजिनाला ते लागू नाही.

गॅस्केटची शंका शेवटी, पण टाळू नका

बाटलीतून पाणी उसळणं हे हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं पॅकिंग) गेल्याचंही लक्षण असतं, आणि एकदा जोरात तापलेल्या गाडीत ते तपासावंच. थंड गाडीत झाकण उघडा, तोंडापर्यंत भरा, इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे. पण ते थांबतच नसतील, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. झाकण लावून थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तरीही तेच, कारण एवढ्यात पाणी तापून दाब येऊ शकत नाही. खात्री करायला ब्लॉक टेस्टर. त्यातलं निळं द्रव जळालेल्या गॅसने पिवळं पडतं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, पाणी रोज कमी होणं, ही पुढची लक्षणं.

गॅस्केट निघालंच तर नुसतं नवं बसवून परत बांधू देऊ नका. हेड सरळपट्टी आणि फीलर गेजने उभं, आडवं, तिरकं मोजायचं. ॲल्युमिनियम हेडला बहुतेक कंपन्या साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालवून घेतात, त्यापुढे फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणं. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगलं होतं, पण किती काढलं ते मोजून मागा आणि मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का पाहा. हेड बोल्ट टॉर्क पान्यानेच, दिलेल्या क्रमाने आवळायचे.

कूलंट भरताना

घाटातल्या उसळीनंतर आत आता काय मिश्रण आहे ते सांगता येत नाही, तेव्हा पूर्ण बदलाच. थंड इंजिनात खालचा प्लग उघडून सोडा. साधं पाणी भरून, हीटर गरमवर ठेवून, फॅन लागेपर्यंत चालवा, थंड करा, सोडा. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा, आणि शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने. प्लग उघडला तरी ब्लॉकमध्ये एक-दीड लिटर राहतंच. म्हणून नंतर रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) भरलं तर ते पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, घ्या. गाडीची क्षमता ४.५ लिटर असेल तर आधी सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, उरलेलं डिस्टिल्ड पाणी. हिरवा, लाल, निळा हा रंग म्हणजे फक्त रंग, कंपनीगणिक वेगळा. जुळवायचा तो मॅन्युअलमधला प्रकार. सोडलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं.

महापुराचं पाणी लागलेली गाडी असेल, २०१९ किंवा २०२१ चं, आणि तुम्ही ती नंतर सेकंडहँड घेतली असेल, तर श्राउडच्या खालच्या कोपऱ्यात आणि मोटरच्या मागे बोट घालून पाहा. वाळलेला बारीक गाळ सापडला तर वरचा सगळा कनेक्टर-अर्थिंगचा भाग पुन्हा वाचा. अशा गाडीत एक पाय साफ करून भागत नाही, गंज वायरीच्या आत शिरलेला असतो. आणि पाण्यातून गाडी घालायची वेळ आलीच तर आधी एसी बंद करा. फिरता फॅन पाण्यात बुडाला की पाती पुढे वाकून रेडिएटरला भिडते.

बोलेरोसारख्या गाड्यांत पट्ट्यावरचा व्हिस्कस फॅन (मध्ये घट्ट तेलाचा क्लच असलेला) असतो, त्यांना वरचं वायरिंग लागू नाही. इंजिन गरम करून बंद करा आणि किल्ली काढून फॅन हाताने फिरवा. अंगात जडपणा असला पाहिजे. झटका दिल्यावर तीन-चार फेरे फिरला, किंवा मध्यभागी तेलकट रेघा दिसल्या, तर क्लच गेला. चालू फॅनमध्ये गुंडाळलेला कागद घालून तो थांबतो का पाहायची पद्धत आहे, ती करू नका.

घाटात पुन्हा काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. घाम निघेल, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. जागा बघून थांबा. वाफ नसेल आणि फॅन फिरत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, पाणी फिरत राहिलं तर तापमान उतरतं. उतरत नसेल किंवा वाफ दिसली तर तात्काळ बंद. झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही. ११० अंशांचं पाणी दाब सुटताच क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज हाताने सहज दाबला जाईल तेव्हा जाड फडकं टाकून पहिल्या टप्प्यापर्यंत सैल करा, फुसफुस थांबल्यावर उघडा. पाणी घालायचंच तर इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं. तापलेल्या हेडवर बाटलीभर गार पाणी एकदम ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो. बॉनेट उघडून काम करताना किल्ली खिशात असली तरी फॅनपासून बोटं लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही आपसूक लागतो.

तर तुमच्यासाठी क्रम: झाकण बदला, सीएनजीच्या लाइनीचे जोड तपासा, हवा काढा, डायरेक्ट वायर काढून मूळ वायरिंग जोडा आणि एसीची चाचणी घ्या. मग कनेक्टरवर व्होल्ट मोजा, रेडिएटर कलता करून फट साफ करा. हे सगळं झाल्यावर स्कॅनर लावून वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ घ्या, गाडी भरलेली, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. आकडा ९० ते १०० च्या आसपास खालीवर होत राहिला आणि फॅन लागला की तो उतरला, तर करूळला जायला हरकत नाही. फॅन पूर्ण वेगात असूनही आकडा १०५ च्या पुढे चढतच राहिला, तर तिथूनच माघारी फिरा आणि बुडबुड्यांची चाचणी करून घ्या.